हेडर केवढा घ्यावा : एक इंच पाच सूत की पावणेदोन? (जुना शेवी ट्रक, ३५० इंजिन)

केटीकर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, आधी एक खुलासा. इथे टेक्सासात मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाच ट्रक म्हणतात, तेव्हा दहा चाकांचं काही डोळ्यांपुढे आणू नका.

माझ्याकडे १९९४ सालचा शेवरोले सी१५०० आहे. इंजिन ५.७ लिटर व्ही-८, इकडच्या बोलीत '३५०' (घनइंच). वर थ्रॉटल बॉडी, त्यात दोनच इंजेक्टर. कंपनीतून ताकद दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास. मूळ हेडं (सिलिंडरांवरची, व्हॉल्व्ह असलेली झाकणं) ४००० आरपीएमच्या पुढे दम टाकायची, म्हणून या हिवाळ्यात ती काढून १९९६ नंतरच्या ट्रकांची व्होर्टेक हेडं बसवली. त्याला जुळणारा इनटेक (हवा आत नेणारा भाग) आणि थोडा मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातला, इंजिनाच्या कॉम्प्युटरची चिप नव्याने लिहून घेतली. इंजिन सुरू झालं, चालतंय झकास.

राहिला एक्झॉस्ट, म्हणजे धुराची वाट. अजून तेच जुने बिडाचे मॅनिफोल्ड आहेत, एकेका बाजूच्या सिलिंडरांचा धूर एकाच बोळात गोळा करणारे. त्यांच्या जागी लांब नळ्यांचे हेडर (प्रत्येक सिलिंडरला धुराची स्वतंत्र नळी) घालायचेत आणि मापावर गाडी अडली आहे. माझा मेकॅनिक म्हणतो १ ५/८ इंच. इंटरनेट म्हणतं १ ३/४. ऑफिसातला एक ड्रॅग रेसवाला म्हणतो, "१ ७/८ घे, परत परत पैसे घालवू नकोस."

वापर : शनिवार-रविवार ट्रेलर ओढणे, लाकूडसामान, आणि सप्टेंबरात मंडळाची गणपतीची मूर्ती आणि पथकाचे ढोल. इंजिन बहुतेक वेळ १५०० ते ३५०० मध्येच फिरतं. मोठा पाइप म्हणजे जास्त हवा, एवढं साधं असतं तर तिन्ही मापं विकली का जातात?

टपरीवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५२

ढोल हौद्यात आणि ताशा बॉनेटखाली. मंडळाचं काम झालं, आता हेडर कशाला?

उद्यमनगरी | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

आमच्या कोल्हापुरात हे अपूर्णांक कोणी वाचत बसत नाही. इंचाचे सूत आठ. म्हणजे तुझे पर्याय झाले एक इंच पाच सूत, सहा सूत (हेच पावणेदोन) आणि सात सूत. भांडण एकेका सुताचं आहे, हे आधी लक्षात घे.

पण सुताला हलकं समजू नको. माप बाहेरून असतं, हवा आतून जाते, आणि भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. १८ गेजची नळी धरली (पत्रा ०.०४९ इंच), तर पाच सुताच्या नळीचं आतलं तोंड १.८३ चौरस इंच, सहा सुताचं २.१४, सात सुताचं २.४८. म्हणजे एक सूत चढलास की १७ टक्के, दोन चढलास तर ३५ टक्के. घेताना पत्रा किती जाड हेही विचार. १४ गेजची जाड नळी जास्त टिकते, पण बाहेरून तेवढीच दिसली तरी आतून बारीक असते.

शंकासुर | १० फेब्रुवारी, सकाळी ८:३०

सोपं आहे. इंजिनाला बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला थोडा विरोध, लागतो. मोठा पाइप घातला की बॅकप्रेशर जातं आणि खालचा जोर जातो. माझ्या बुलेटचा सायलेन्सर आतून मोकळा केला होता, पिकअप साफ गेला. स्वानुभव आहे, पुस्तकातलं सांगत नाही.

टपरीवाला | १० फेब्रुवारी, सकाळी ८:३४

बुलेटचा पिकअप गेला, आता पिकअपचा पिकअप जायला नको.

मिशिगनमामा | १० फेब्रुवारी, रात्री ८:०५

शंकासुर, अनुभव खरा, निदान चुकलं. तुमची बुलेट कार्ब्युरेटरची असणार. एक्झॉस्ट मोकळा केला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तोच ठेवलात ना? मोठा जेट घालून पाहिला असता तर निम्मी तक्रार तिथेच मिटली असती.

बॅकप्रेशर कुठल्याच पेट्रोल इंजिनाला 'लागत' नाही. पिस्टनला धूर ढकलायला जेवढं जड जाईल तेवढी ताकद वाया. लागतो तो वायूचा वेग. बारीक नळीत वेग टिकतो आणि त्याच नळीत अडथळाही असतो. दोन्ही एकाच दुकानात मिळतात म्हणून लोक एकाचं श्रेय दुसऱ्याला देतात.

केटीकर, मापाआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण तुमच्या इंजिनाला हेडरचा फायदा का होतो ते त्यात आहे. जुन्या ३५० चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. एका बाजूला विषम नंबरचे सिलिंडर, दुसऱ्या बाजूला सम. दर ९० अंशांनी एक सिलिंडर पेटतो. आता फक्त विषम बाजू ऐका : १, मग २७० अंशांनी ३, मग १८० ने ५, मग फक्त ९० अंशांनी ७, मग १८० ने परत १. पाच आणि सात शेजारी शेजारी आणि लागोपाठ. पाचचा धूर अजून बाहेर पडतोय तोवर सातचा व्हॉल्व्ह उघडतो. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये दोघांची बोळ एकच, त्यामुळे सातचा पहिला दणका थेट पाचच्या तोंडावर. दुसऱ्या बाजूला ८ आणि ४ चं असंच.

लांब हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र नळी मिळते आणि ती अडीच-तीन फूट पुढे जाऊन कलेक्टरला, म्हणजे त्या बाजूच्या चारही नळ्या एकत्र येतात त्या तोंडाला, भेटते. हा फायदा कुठल्याही मापात मिळतो. माप ही त्याच्या नंतरची गोष्ट.

ढोलताशा_डॅलस | १० फेब्रुवारी, रात्री ८:४०

म्हणजे व्ही-८ चा तो गडगडणारा आवाज याच २७०-१८०-९०-१८० मुळे? आमच्या पथकात नवीन पोरगा आला की असाच वाजवतो.

मिशिगनमामा | १० फेब्रुवारी, रात्री ८:४३

बरोबर ओळखलंत. एकेका बाजूचा ठेका असमान आहे म्हणून तो आवाज. चार सिलिंडरच्या गाडीचे ठोके समान अंतरावर पडतात, ती एका सुरात गुणगुणते.

वाफाळ | ११ फेब्रुवारी, दुपारी १:२०

गणित करणारं कोणी यायच्या आत फुंकणीचं उदाहरण येईल अशी धास्ती होती, अजून आलेलं नाही, तेवढ्यात लिहून टाकते.

हेडरवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे :

टॉर्कचा (ओढण्याच्या जोराचा) माथा (आरपीएम) = नळीच्या आतल्या तोंडाचं क्षेत्रफळ (चौ. इंच) × ८८,२०० ÷ एका सिलिंडरचं आकारमान (घनइंच)

३५० भागिले ८ म्हणजे ४३.७५ घनइंच. उद्यमनगरी काकांचे आकडे घातले की :
पाच सूत : साधारण ३६९०
सहा सूत : ४३२०
सात सूत : ५०००

८८,२०० हा आकडा कुठून आला म्हणून उलट सोडवून पाहिला. पिस्टनच्या एका फेरीला (खालून वर) ३० ÷ आरपीएम एवढे सेकंद लागतात. तेवढ्या वेळात एक सिलिंडरभर वायू नळीतून गेला असं धरलं, तर ८८,२०० म्हणजे ३० × १२ × २४५. सूत्रात जादू काही नाही. 'नळीतला सरासरी वेग सेकंदाला २४५ फूट, म्हणजे ७५ मीटर झाला की नळी रंगात येते' एवढंच ते म्हणतं. त्याच्या खाली वायू रेंगाळतो, फार वर गेलात तर नळी गळा आवळू लागते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, हा इंजिनाचा माथा नव्हे, हेडर कुठल्या बाजूला हात लावतो त्याची जागा. माथा कुठे यायचा ते कॅम आणि हेड आधीच ठरवून बसलेत. दोन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दीड इंचाचा आहे, त्याचं सगळं क्षेत्रफळ १.७७ चौरस इंच. सगळ्यात बारीक नळीसुद्धा व्हॉल्व्हपेक्षा मोठी! हवा कोंडते ती हेडच्या बोळात आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी, आणि व्होर्टेक हेडांची एक्झॉस्टची बाजू इनटेकच्या मानाने तशी लंगडीच आहे. तिथे न मिळालेली हवा सात सुताच्या नळीतून कशी मिळणार?

सांगलीचा_टेम्पो | ११ फेब्रुवारी, दुपारी २:०२

ताई, फुंकणी राहिलीच की. तोंड रुंद केलं तर चूल पेटत नाही.

वाफाळ | ११ फेब्रुवारी, दुपारी २:१०

आली एकदाची. :)

फुंकणीत हवा सतत वाहते, इथे ठोके असतात. त्यापेक्षा दादर आठवा. विरार लोकल थांबते, दार मोकळं होतं, आणि पहिला लोंढा स्वतःच्याच दाबाने बाहेर फेकला जातो. त्याला कोणी ढकलावं लागत नाही. मागे उरतात त्यांना आतून रेटावं लागतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचायच्या साठ-पासष्ट अंश आधीच उघडतो, तेव्हा आत अजून कित्येक पट दाब असतो. तो पहिला लोंढा. बाकीचं पिस्टन वर येताना रेटतो. लोंढा जोरात पुढे गेला की त्याच्यामागे पोकळी होते आणि ती उरलेल्यांना ओढून घेते. नळी फार रुंद असेल तर लोंढा पसरतो, त्याचा जोर मरतो, ओढ कमी होते. आणि ताई नको, नुसतं वाफाळ.

शंकासुर | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

मग लाटांचं काय? सगळीकडे वाचतो की दाबाची लाट कलेक्टरवर आपटून उलटी येते आणि सिलिंडर रिकामा करते. तुम्ही दोघांनी एक शब्द काढला नाही.

मिशिगनमामा | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३०

काढला नाही कारण या ट्रकला त्याचं फारसं देणंघेणं नाही. तरी हिशेब करू.

तापलेल्या वायूत लाटेचा वेग ढोबळमानाने सेकंदाला ६०० मीटर. ३४ इंची नळी म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोन मीटर, वेळ सुमारे ३ मिलिसेकंद. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यापासून दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याच्या क्षणापर्यंत साधारण २४५ अंश. ३००० आरपीएमला त्याला साडेतेरा मिलिसेकंद लागतात. म्हणजे लाट चार-साडेचार फेऱ्या मारून मग कामाला येणार, आणि दर फेरीला थकत जाणार. ७००० ला फिरणाऱ्या रेसच्या इंजिनात फेऱ्या कमी, लाट ताजी, शिवाय कॅम असा की दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ उघडे. केटीकरांच्या कॅममध्ये ती फट अगदी थोडकी. दार किलकिलं असताना वाऱ्याचा काय उपयोग?

म्हणून माझं मत : पाच सूत, लांब नळ्या, चांगला कलेक्टर, विषय संपला. सहा सूत चारशे हॉर्सपॉवरच्या आसपासच्या ३५० ला. सात सूत त्या ड्रॅगवाल्याला द्या.

निमूटवाचक | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

पाच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिला प्रतिसाद.

ओहायोत राहतो, २००४ ची सिल्वेराडो ५.३. मापाचा प्रश्न सुटेल, बोल्टांचं काय? आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात. मॅनिफोल्डच्या सगळ्यात मागच्या बोल्टची मान माझ्या हातात आली, धड हेडमध्येच राहिलं. या इंजिनांचा हा घरोघरचा रोग आहे. शेवटी तुटक्या बोल्टवर वॉशर ठेवला, वर नट ठेवला, नटच्या भोकातून वेल्ड भरला आणि लाल असतानाच पान्याने हळू उलटा फिरवला. निघाला. पण त्याआधी दोन दिवस मी गाडीखाली पडून होतो आणि बायको फक्त माझे बूट बघत होती.

१ ३/४ घातले. ५.३ चा सिलिंडर साधारण ४०.६ घनइंच. वरच्या सूत्राने ४६५० येतं. हायवेवर ओव्हरटेक करताना गाडी मोकळी वाटते. गावात सिग्नलवरून निघताना काही फरक नाही, असलाच तर थोडा उणाच.

केटीकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

टेक्सासात मीठ नाही, पण तीस वर्षांचे बोल्ट ते तीस वर्षांचेच. रोज संध्याकाळी गंजतेल मारायला सुरुवात केली आहे.

सॅक्रामेंटोची_सून | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

कायद्याचं कोणी बोललंच नाही. आमच्या कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट आहे आणि तपासणारा नुसता धूर नाही, बॉनेटखालीही बघतो. हेडरला राज्याच्या हवामंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, नापास. हा नंबर बहुतेक आखूड हेडरांना मिळतो, कारण लांब हेडर घातला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) मागे सरकवावा लागतो. माझ्या नवऱ्याचे लांब हेडर गॅरेजच्या भिंतीवर टांगलेत. सासूबाईंनी त्यावर नॅपकिन वाळत घातले होते.

केटीकर | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:५५

आमच्याकडे मोठ्या शहरांच्या काउंट्यांमध्येच धुराची तपासणी असते, तीही २ ते २४ वर्षं वयाच्या गाड्यांची. माझा ट्रक त्यातून सुटला. सुरक्षा तपासणी तर १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांना नाहीच. पण कन्व्हर्टर काढणं केंद्राच्या कायद्याने बंदच आहे, तपासणी असो नसो. तो राहणार. पथकातली पोरं मिरवणुकीत ट्रकच्या मागे चालतात हो.

सांगलीचा_टेम्पो | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

अवांतर : आपल्याकडे हे केलं तर काय होतं? माझ्या पिकअपला (डिझेल, टर्बो) असं काही बसवून फायदा?

मिशिगनमामा | १२ फेब्रुवारी, रात्री ८:१५

नको. टर्बोचं तंत्र उलटं. तिथे धुराची उष्णता आणि दाब न सांडता टर्बाइनपर्यंत न्यायचा असतो, म्हणून नळ्या आखूड, जाड, बारीक. इथले टर्बोवाले ५.३ इंजिनाला कंपनीचेच बिडाचे मॅनिफोल्ड उलटे करून तोंड पुढे आणतात आणि त्यावर टर्बो टांगतात. सुंदर लांब हेडर तिथे कुचकामाचे.

उद्यमनगरी | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

आणि कायदा आपल्याकडे जास्त कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सांगलीकर, टेम्पोचा एअर फिल्टर बदल, इंजेक्टर तपासून घे, टायरात हवा भर. पिकअप त्यातच सापडेल.

टपरीवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

काकांनी पूर्ण धागा एका वाक्यात मोडीत काढला.

केटीकर | २ मार्च, रात्री १०:३०

अपडेट. रागावू नका. एका गृहस्थाकडे जुनेच पण चांगले लांब हेडर निम्म्या किमतीत मिळाले. सहा सूत. घेतले.

मिशिगनमामा | २ मार्च, रात्री १०:३४

सगळा धागा वाचून? बरं.

शंकासुर | २ मार्च, रात्री १०:४०

निम्म्या किमतीत सात सूतही घेतला असता त्याने. देशस्थ असो, कोकणस्थ असो, सवलत सगळ्यांची एकच.

केटीकर | २३ मार्च, रात्री ९:१५

बसवले. बोल्ट तुटला नाही. स्टिअरिंगच्या दांड्याजवळ एक नळी घासत होती, तिला हातोडीने छोटी खळी पाडली. दोन प्लगच्या वायरी नळ्यांना टेकत होत्या, त्यांना कापडी वेष्टणं घातली.

आणि गाडी बिघडली. खालचा जोर गेला, चढावर ट्रेलर घेऊन पूर्वी तिसऱ्यात जायची ती आता दुसऱ्यात मागे पडते. टोकाला पेट्रोलचा वास येतो. गॅलनमागे मैलही घटले. मिशिगनमामा, म्हणा 'सांगितलं होतं'.

मिशिगनमामा | २३ मार्च, रात्री ९:४०

म्हणणार नाही, कारण हे मापाचं वाटत नाही. एका सुताने चढावर थोडी कुरकूर होईल, पेट्रोलचा वास कशाला येईल?

दोन प्रश्न. गार इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक-टिक आवाज येतो का, जो तापल्यावर कमी होतो? आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरातला प्राणवायू बघून कॉम्प्युटरला कळवणारा) कुठे लावला, तारा किती त्याला?

केटीकर | २३ मार्च, रात्री ९:५८

टिकटिक येते, मला वाटलं टॅपेट असेल. सेन्सर मूळचाच, एक तारेचा. पूर्वी मॅनिफोल्डवर होता, आता खाली कलेक्टरवर.

वाफाळ | २३ मार्च, रात्री १०:२०

मग दोन चोर सापडले.

एक तारेच्या सेन्सरला स्वतःचा हीटर नसतो. तो धुराच्या उष्णतेवरच जागा होतो, सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर. मॅनिफोल्डवर तो इंजिनाला चिकटून होता. आता तीन फूट लांब, पातळ पत्र्याच्या नळीच्या शेवटी. गावात हळू चालवताना तो थंड पडतो, कॉम्प्युटर त्याच्यावरचा भरवसा सोडतो आणि चिपमधल्या ठरीव तक्त्यावर पेट्रोल सोडत राहतो.

दुसरा चोर गळती. हेडरच्या बुडाशी फट असेल तर दोन ठोक्यांच्या मध्ये दाब उतरतो तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला प्राणवायू दिसतो, त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. वास त्याचाच.

उद्यमनगरी | २४ मार्च, सकाळी ६:४५

गळती शोधायची युक्ती. इंजिन पूर्ण गार. घरातला मोठा व्हॅक्यूम असेल त्याची नळी उलट्या बाजूला, फुंकणाऱ्या तोंडाला लाव आणि टेलपाइपमध्ये खुपस, भोवती फडकं कोंब. मग साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर मार. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बघतो तसं. बुडबुडे बोलतील.

सॅक्रामेंटोची_सून | २४ मार्च, सकाळी ८:००

व्हॅक्यूम घरातला वापरणार असाल तर आधी विचारून घ्या.

केटीकर | ५ एप्रिल, सायंकाळी ६:३०

व्हॅक्यूम शेजाऱ्याचा आणला. सात नंबरच्या तोंडाशी बोटभर फेस. सरळपट्टी लावून पाहिली तर हेडरची पट्टी त्या टोकाला वाकलेली, जुन्या मालाचं हे असं. पट्टी घासून सपाट केली, पातळ कागदी गॅस्केट फेकून जाड घातलं. सेन्सर तीन तारांचा आणला : दोन तारा हीटरच्या, एक खबरीची. हीटरची वीज किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या फ्यूजवरून घेतली.

टिकटिक बंद. पेट्रोलचा वास गेला. मैल जवळजवळ पूर्वीइतके. आणि वरती ३००० च्या पुढे गाडी अशी सुटते की मूळ मॅनिफोल्डने वर्षानुवर्षं हिचा गळा धरला होता हे आता कळतंय.

शंकासुर | ५ एप्रिल, सायंकाळी ७:०५

म्हणजे आम्ही दोन महिने सुतांवर भांडलो आणि चोर निघाला कागदाचं गॅस्केट.

निमूटवाचक | ५ एप्रिल, सायंकाळी ७:३०

पण मूळ प्रश्न राहिलाच. सहा सूत बरोबर होता की चूक?

केटीकर | ६ एप्रिल, सकाळी ८:२०

प्रामाणिकपणे सांगतो. मोकळा ट्रक असला की वाटतं बरोबर. परवा मागे ट्रेलर, त्यावर ओल्या लाकडाचा ढीग, फ्लायओव्हरचा चढ, १८०० आरपीएम. पाय दाबला आणि अर्धा श्वास थांबून मग गाडी निघाली. तो अर्धा श्वास बिडाच्या मॅनिफोल्डला नव्हता. वाफाळ यांचं गणित ४३२० म्हणतं, आणि मी तिथे महिन्यातून दोनदा जातो. पाच सूत नवीन घेतला असता तर हा अर्धा श्वास बहुधा नसता. पण आता मी परत गाडीखाली जाणार नाही, आणि गणपती सप्टेंबरात आहेत.

टपरीवाला | ६ एप्रिल, सकाळी ८:२५

मिरवणूक पाच मैलांच्या वेगाने जाते. तिथे कुठल्याही सुताचा हेडर चालेल.

उद्यमनगरी | ६ एप्रिल, सकाळी ९:००

बोल्ट परत आवळलेस का? नवीन गॅस्केट चार-पाच वेळा तापून गार झालं की बसतं आणि बोल्ट सैल पडतात. गार असतानाच आवळ, मधल्यापासून सुरुवात कर.

केटीकर | ६ एप्रिल, रात्री ८:४५

आत्ता आवळून आलो. बारापैकी तीन सैल निघाले, त्यातला एक सात नंबरचा.